मीठ आमच्याच घरचं

हुबळीत माणसं पोलिसांना भीत, सावकाराला भीत. माझ्या बायकोचे मामा भीत ते फक्त हवेतल्या ओलाव्याला. दाजीबानपेठेत त्यांचं कापडाचं दुकान, पण सगळा जीव माडीवरच्या, आजोबांच्या दुनळी बंदुकीत. तिनं उभ्या जन्मात ससाही मारला नसेल. पावसाळ्यात गिऱ्हाईक ओली छत्री घेऊन आत आलं की मामा ओरडत, "बाहेर, बाहेर! वर बंदूक आहे!" कुणी ती पाहायला मागितली, तर आधी त्याचा तळवा चाचपून बघत. एकदा सख्ख्या भावाच्या अंगठ्याचा तांबूस ठसा नळीवर उमटला, तर त्याच्याशी दिवाळीपर्यंत अबोला. अळणावर गावच्या एका लाकूडवाल्या मित्रानं नवी बंदूक घेतली. बाहेरून कारखान्याचा काळाभोर मुलामा, नळीच्या आत क्रोम. ती धोतराच्या सोग्यानं पुसत तो म्हणाला, "हिला गंज माहीतच नाही, अण्णा." मामा उसळले, "बिडरी, सोडा हो! तिची कुणाशी ओळखच होत नाही, गंज कुठला चढायला! आमच्या नळीचा तपकिरी रंग म्हणजे मुरवलेला गंजच. मुद्दाम चढवायचा, उकळत्या पाण्यानं थांबवायचा, घासायचा, पुन्हा चढवायचा. एक गंज लोखंड खातो, एक राखतो."

सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरच्या सुमारास नोकरी सुटली म्हणून मी बायकोसह त्यांच्या घरी राहायला होतो. बेकार जावयाला कुणी टोचून बोललं नाही, आणि तेच जास्त टोचायचं. पहिल्यांदा वाढलेलं तेवढंच खायचं आणि अर्धपोटी उठायचं, असा माझा नेम. बोलणं कमी, घाम जास्त. तळवे सदा ओले.

त्या खंडेनवमीला मामा तापानं पडून होते. मामी म्हणाल्या, "जावईबापू, बंदुकीची पूजा तुम्हीच करा." उपकार थोडे तरी फिटतील म्हणून मी अगदी मनापासून केली. नळ्या दोन्ही हातांनी घट्ट धरल्या, हळदकुंकू माखलं, वर नारळाचं पाणी शिंपडलं आणि बंदूक तशीच खोळीत घातली. मामा कुंकू फक्त लाकडी दस्त्याला लावत, हे मला कुठं ठाऊक!

बरे झाल्यावर त्यांनी खोळ काढली. नळ्यांवर केशरी डाग, आणि डागांत माझी दहाही बोटं. "तुक्कु हिडिदैती," गंज धरला, एवढंच पुटपुटून ते खाली बसले. बायको रडू लागली. मी म्हणालो, "मामा, आम्ही आजच जातो."

"कुठं जाता? हात दाखवा." माझा तळवा चाचपून ते बघतच राहिले. "अहो, हे मीठ आमच्याच घरचं की! तुमच्या मामींची आमटी खाता, ती घामातनं बाहेर येणारच. आमचे आजोबा मिठाच्या पाण्याचा बोळा फिरवून गंज चढवायचे. तुमच्या हातालाच आहे ते. बसा."

डागांबरोबर जुना रंगही खरवडून त्यांनी नळ्या उघड्या केल्या. मग कितीतरी सकाळी मी त्यांवर हात फिरवायचा, गंज चढला की त्यांनी उकळतं पाणी ओतून तो घासायचा. आल्यागेल्याला अभिमानानं सांगत, "असा हात विकत मिळत नाही. जावयाचा आहे." शेवटी रंग धरला; कुठं गडद, कुठं फिका, पण धरला.

मामा आता नाहीत. आमच्याकडे वडीलधाऱ्यांचे आभार मानायची रीत नाही, आणि मी पडलो मुखदुर्बळ. म्हणून इतक्या वर्षांनी हे लिहितोय. रंग धरला त्या दुपारी जेवताना मी म्हणालो, "मामी, अजून एक भाकरी वाढा." मामी तव्याजवळून वळून पाहत राहिल्या. मामांसाठी निघालेली गरम भाकरी त्यांनी हातानंच माझ्या पानाकडे वळवली.