धुतल्यावर उरलेलं वर्तुळ

त्या फोनला तीन आठवडे होत आले. पेणच्या कॉलेजात प्रयोगशाळेचं कुलूप काढत होते, तेवढ्यात रोह्याहून इक्बालसरांच्या मुलीचा, सलमाचा फोन आला. "अब्बा पहाटे गेले. झोपेतच. त्रास नाय झाला." रडता रडता पहिल्यांदा मनात आलं ते हेच, की बरं झालं, मी त्यांना भेटून आले होते...

इक्बालसर माझे पीएचडीचे मार्गदर्शक. आमचं काम सांगायला सोपं. झिंक ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण दोन तऱ्हांनी बनवायचे, एकदा कॉस्टिक सोड्यानं, एकदा अडुळशाच्या काढ्यातून, आणि कोणते जास्त जीवाणू मारतात ते बघायचं. अडुळसा आमच्या गावचा, गडबच्या आमच्याच बांधावरचा. अडुळशाच्या कणांभोवती जीवाणू मेल्याचं स्वच्छ वर्तुळ जवळजवळ दुप्पट आलं, तेव्हा बाबांनी नाक्यावर सगळ्यांना सांगितलं, "आमच्या पाल्यानं केमिकलला हरवलं!" शोधनिबंध लिहून तयार होता. सरांनी तो वाचला आणि एवढंच विचारलं, "नुसता काढा लावून बघितलास काय गो? आणि कण किती वेळा धुतलेस?"

एकदाच धुतले होते. मला राग आला. "सर, माझं काम पुढे जायला नकोच आहे तुम्हाला," असं सगळ्यांसमोर बोलले आणि त्यांच्याकडे फिरकेनाशी झाले. मध्यंतरी ते आजारी पडून रोह्याजवळ वरसेला घरी बसले, तरीही गेले नाही.

शेवटी मलाच राहवेना. कण पाच वेळा धुतले, जीवाणू वाढवलेल्या काचेच्या बशीत नुसता काढाही लावून बघितला. काढ्यानं एकट्यानंच मोठं वर्तुळ केलं होतं, म्हणजे आधीचं जास्तीचं वर्तुळ कणांना चिकटून राहिलेल्या काढ्याचं होतं. धुतलेले कण मात्र दोन्हीकडचे सारखे निघाले. निबंध तिथंच कोसळला.

बशांचे फोटो घेऊन वरसेला गेले. सर ओटीवर खाटेवर पडून होते, पार वाळलेले. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणाले, "आधी फोटो दाखव." चष्मा कपाळावर चढवून कितीतरी वेळ बघत राहिले... "सारखे हायत! अगो, मग वाईट काय झालं? कॉस्टिकशिवाय तेवढंच काम होतंय. हेच लिही."

तिथंच बसून आम्ही निबंध नव्यानं मांडला. सलमाचा चहा दोनदा गार झाला. निघताना मी माफीचं पुन्हा काढलं. "ते कवाच झालं," म्हणाले आणि खोकला येईपर्यंत हसले.

परवा वरसेला जाऊन आले. खाट भिंतीला उभी करून ठेवलेली. ओटीवर खालीच बसले. रडू आलं, पण ते रुखरुखीचं नव्हतं. सांगायचं ते सगळं सांगून झालं होतं.