सात डब्यांवर गेलेला शालू

निशा ड्युटीवर निघाली, तिच्या चपलांचा आवाज चाळीच्या टोकाला विरला, की वैजयंता ओले हात पदराला पुसायची आणि जावेचं कपाट उघडायची. रोज. नवघरच्या त्या दोन खोल्यांत लोखंडी कपाट एकच होतं आणि ते निशाच्या माहेरून आलं होतं. त्याला कुलूप नसायचं. वैजयंता साड्यांच्या घड्यांवरून तळहात फिरवायची, खालच्या कप्प्यातला मोरपंखी शालू जरासा बाहेर ओढायची, जरीचा काठ बोटांनी चाचपायची आणि होता तसा आत सरकवून भांड्यांना बसायची. घ्यावा असं मनात नसायचं. आपल्याकडे काय नाही ते एकदा नीट बघून घ्यावं, एवढंच.

ती जिंतूरकडची. नवरा बापूराव भाईंदरच्या स्टीलच्या कारखान्यात रोजंदारीवर. धाकटा दीर समाधान शाळेत असल्यापासून तिच्याच हातचं खाऊन मोठा झाला, नोकरीला लागला आणि त्यानं वरळीच्या चाळीतली, टेलिफोन खात्यात काम करणारी निशा करून आणली. लग्नात बुद्धवंदना होईपर्यंत निशा पांढऱ्या साडीत होती, साधीच दिसत होती. मग ती आत जाऊन तो शालू नेसून आली आणि बायका उठून उभ्या राहिल्या. वैजयंता तेव्हा पंगतीत वाढत होती. हातातलं भांडं तिनं खाली ठेवलं नाही, पण त्या पानावर वरण जरा जास्त सांडलं.

निशा वाईट नव्हती, ही खरी अडचण होती. ती पगार झाला की वैजयंतासाठीही गजरा आणायची. वैजयंता तो माळायची आणि दिवसभर मान आखडून बसायची.

चाळीत आनंदी नावाची बोहारीण यायची. जुन्या कपड्यांवर भांडी द्यायची. एकदा तिच्या टोपलीत एकात एक बसणारे सात डबे होते, कोरे, आरशासारखे. वैजयंतानं बापूरावच्या दोन पँटी आणि एक चादर पुढं टाकली.

आनंदी हसली. "एवढ्यात झाकण बी येणार नाय, ताई. जरीचं काय हाय का? जरीचं असंल तर सातही तुमचे."

सात डबे. निशाच्या माहेरचे नव्हेत, समाधानच्या पगारातले नव्हेत, आपले. वैजयंता आत गेली. शालू बाहेर आणताना तिनं तो पदराखाली धरला होता, जसं कुणी तान्हं मूल धरतं.

महिन्याभरानं निशानं शालू शोधायला घेतला. सगळं कपाट खाली केलं. वैजयंतानं तिला चहा करून दिला आणि म्हणाली, "माहेरी तर राहिला नाही? बघ बाई, तिथं तुझी वहिनी हाय." एवढंच. पण ते निशाच्या मनात रुजलं. तिनं वरळीला जाऊन वहिनीला विचारलं, शब्द वाढला, आणि निशाचं माहेरी जाणं बंद झालं. रविवारी निशा घरातच बसून राहायची. ते बघून वैजयंताला आधी गोड वाटलं. मग भाकरी गोड लागेना.

वर्षभरानं, एक्क्याण्णवच्या पावसाळ्याआधी, पोलीस चाळीत आले. भाईंदर पश्चिमेच्या एका भांड्यांच्या दुकानात मागल्या वर्षी चोरी झाली होती. चोर आनंदीचा नवरा. डब्यांच्या बुडाला दुकानाची खूण होती. डबे गेले आणि वैजयंताही गेली. चोरीचा माल जाणूनबुजून घेतला, असा गुन्हा लागला.

नवघरच्याच आगरी घरातले काशीनाथ म्हात्रे वकील धावून आले. त्यांनी ठाण्याच्या कोर्टात जामीन मिळवला. पण जामीनदार पक्क्या नोकरीतला लागतो. बापूराव रोजंदारीवर, समाधान परगावी कामावर. निशानं रजा टाकली, कोर्टात सही केली. वैजयंता सुटली ती जावेच्या सहीनं. रिक्षात तिला वाटलं, यापेक्षा आत बरं होतं.

वकिलांचं ऑफिस म्हणजे त्यांच्या घराची पुढची पडवी. प्रत्येक तारखेआधी दोघी जायच्या. वकील निशाला खुर्ची द्यायचे, कारण कागद तीच वाचायची. वैजयंता बाकावर. खटला आपला, आरोपी आपण, आणि मान मात्र हिला!

"सात नवे डबे जुन्या कपड्यांवर?" वकील एकदा म्हणाले. "सरकारी वकील हाच विचारेल. बोहारीण काय देव न्हाय. एवढं स्वस्त मिळतंय म्हणजे माल चोरीचा, हे तुला कलायला पायजे होतं, असं तो म्हनेल. काय दिलं होतंस?"

"दोन पँटी. एक चादर."

वकिलांनी तिच्याकडं बघितलं, मग निशाकडं. "बाय, एवढ्याची झेरॉक्स आन जरा. नाक्यावरून."

निशा गेली. वकिलांनी फाईल मिटून ठेवली. शेवटी वैजयंतानं सांगितलं. भिंतीकडं बघून सांगितलं.

"अगं, मग सुटलीस की!" वकील जवळजवळ ओरडले. "खऱ्या जरीचा शालू म्हणजे चोख मोल दिलंस. कोर्ट विचारील तेव्हा हेच बोलायचं. पण नुसतं तुझं कोन ऐकनार? शालू जिचा, तिनं येऊन सांगाया पायजे. लग्नाचा फोटू दाखवाया पायजे."

"तिला सांगू?"

"माझ्या तोंडून न्हाय जानार. पण तू न्हाय सांगितलंस, तर मला बी बोलता येनार न्हाय. मग शिक्षा."

वैजयंता घरी आली. तिला खरोखर वाटलं, भोगावी शिक्षा. तुरुंगात निशा नसेल. पण नाव? चोरीचा माल घेणारी, हे बापूरावच्या कपाळी लागणार. तुरुंगातून परत यायचं तेही याच दोन खोल्यांत, निशाच्या समोर, निशाच्या दयेवर. यापेक्षा आत्ता एकदाच.

निशा आरशासमोर केस विंचरत होती.

"निशा, तुझा शालू मी दिला बोहारणीला."

कंगवा केसांतच राहिला. निशा म्हणाली, "माझी वहिनी वर्षभर रडतेय, ताई."

"व्हय."

"का पण? मागितला असता तर दिला असता."

"म्हणून," वैजयंता म्हणाली. "म्हणूनच नाही मागितला."

वकिलांनी काय मागितलंय तेही वैजयंतानं सांगून टाकलं. निशानं केस बांधले. आवाज न चढवता विचारलं, "फोटो कुठला लागेल? उभा का बसलेला?"

तिनं शिव्या घातल्या असत्या, एक थोबाडीत दिली असती, तर वैजयंताला हलकं वाटलं असतं.

कोर्टात आधी वैजयंतानं सांगितलं, खालमानेनं. मग निशा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहिली. फोटो दाखवला, शालू माझाच, जर खरी, असं सांगितलं. सरकारी वकिलांनी विचारलं, "आरोपीनं तुमची परवानगी घेतली होती का?"

"घरातली साडी होती, साहेब. घरात परवानगी घेत नाहीत."

कोर्टात कुणीतरी हुंकार भरला. बापूरावनं डोळे पुसले. पुढच्या तारखेला वैजयंता निर्दोष सुटली. पायऱ्यांवर वकील सगळ्यांदेखत म्हणाले, "जाव असावी तर अशी!" आणि वैजयंतानं पदर डोक्यावरून पुढं ओढला. निकाल तिचा लागला होता आणि मिरवत होती निशा. मिरवतही नव्हती बिचारी; बसथांब्याकडं खाली बघून चालली होती. ते तर अजूनच सोसवत नव्हतं.

त्या रविवारी निशा वरळीला गेली, वहिनीच्या गळ्यात पडून आली. सोमवारी तिनं कपाटाला कुलूप आणलं. त्यानंतर दोघींत भांडण झालं नाही, गजराही आला नाही. तीन वर्षांनी समाधाननं बेव्हर्ली पार्कच्या नव्या वसाहतीत खोली घेतली.

सामान टेंपोत चढत होतं. जड गाठोडी वैजयंतानंच उचलली, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. कपाट दोरीनं बांधून झालं. खोलीत भिंतीवर त्याच्या उंचीचा फिकट चौकोन राहिला.

निशा पुढच्या सीटवर बसली. "येत जा ताई. जयभीम."

"जयभीम." वैजयंता टेंपोच्या दारावर हात ठेवून उभी राहिली. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली तरी तिनं हात काढला नाही. काहीतरी सांगायचं असावं असं निशालाही वाटलं; ती बाहेर झुकली.

"तिकडं पाणी रोज येतं म्हणे," वैजयंता म्हणाली. "खरं का गं?"