पांढरा डावीकडे

माझी शाळा तिसरीपर्यंत. तिसरीत मास्तरांनी सांगितलं की बैल हा उपयोगी प्राणी आहे. मला वाटलं, एवढं तर आपल्याला कळतं, मग उगीच बसायचं कशाला? तेव्हापासून मला सगळंच कळतं. बैलांमधलं तर असं कळायचं की लोणारच्या बाजारात लोक बैल घ्यायच्या आधी मला हाक मारायचे. मी दात बघायचो, खूर बघायचो, खांद्यावरून हात फिरवायचो आणि मग काही न बोलता असा उभा राहायचो की विकणाऱ्याच्या तोंडचं पाणी पळावं. हे आधीच सांगून ठेवतो. पुढं जे झालं ते अडाण्याच्या हातून झालेलं नाही, जाणकाराच्या हातून झालेलं आहे.

महाराष्ट्र होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. आमचं गाव लोणारहून सुलतानपूरकडं जाताना लागतं. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही, म्हणून आमची सगळी हौस दुसऱ्या दिवसाची, करीची. शाळेमागच्या मैदानात एक जुनी गाडी उभी करायचे. तिची दोन्ही चाकं साखळीनं बांधायची, म्हणजे ती फिरणार नाहीत, नुसती घसटत जातील, आणि वर काळे दगड रचायचे. चुन्याच्या एका रेघेपासून दुसऱ्या रेघेपर्यंत जी जोडी गाडी ओढून नेईल, ती पुढच्या फेरीत. मग आणखी दगड. एका जोडीला तीन दम, म्हणजे तीनदा ओढून बघायची मुभा. पराणी नाही, चाबूक नाही, शेपटी पिरगाळायची नाही. सण बैलाचा, त्याला मारणार कसं? नुसतं तोंडानं हाकायचं. तोंडाची माझ्याकडं कधीच कमी नव्हती.

जिंकणाऱ्याला फेटा आणि नारळ मिळायचा. पण त्या वर्षी मला फेट्याचं काही नव्हतं. माझ्या पाठच्या बहिणीचं लग्नच त्या गाडीला जुंपलेलं होतं.

वडील गेलेले, घरात कर्ता मी. तिला आधी दोन स्थळं आली होती, ती दोन्ही मीच परत पाठवली. म्हणजे पाठवली असं नाही. एका पाहुण्याच्या बैलाला मी त्याच्या तोंडावर म्हातारा म्हटलं आणि दुसऱ्याला चिलीम ओढायची रीत शिकवायला गेलो. तिसरं स्थळ सुलतानपूरच्या बाजूचं. मुलाचे वडील काटकुळे, पांढऱ्या मिशांचे, बैलांचे वेडे. बहीण त्यांच्यासमोर मान खाली घालून बसली, विचारलं तेवढ्याला पुटपुटत उत्तर दिलं. जाताना ते मला म्हणाले, "पोरगी पसंत हाये. पन मले घर पाहाचं असलं का मी बैल पाह्यतो. करीले येतो, तुमची जोडी पाह्यतो. मंग सुपारी फोडू."

ते गेल्यावर आई मला म्हणाली, "पोरीच्या मनात हाये हे स्थळ. तुले हात जोडतो बावा, या खेपेले काही करू नको."

मी कशाला काही करतो?

आमची जोडी चांगली होती. एक पांढरा, एक तांबडा. पांढरा देखणा, उंच, शिंगं तर अशी की रंग दिला की लोक थांबून बघायचे. तांबडा बुटका. त्याचं एक शिंग मोडकं आणि पाठीवर केस गेलेलं टक्कल. पण ओढण्याला तोच खरा. तांबडा कायम डावीकडं चालायचा, पांढरा उजवीकडं. लहानपणापासून तसेच शिकवलेले. वर्षभर त्यांना आमच्या वांगी-मिरचीच्या मळ्यात मोटेवर बहीणच हाकायची. मी बाजारात दुसऱ्यांच्या बैलांचे दात बघत असायचो.

करीला मैदान भरलं. एका अंगाला बाया, दुसऱ्या अंगाला लिंबाखाली पंच आणि पाहुणे. माझ्या होणाऱ्या व्याह्यांसाठी मी घरची सतरंजी नेऊन अंथरली. आमची पाळी आली तेव्हा मी लिंबाकडं पाहिलं. पाहुणे बसले होते गाडीच्या डाव्या हाताला! म्हणजे त्यांच्याकडं येणार तांबडा, मोडक्या शिंगासकट, आणि माझा पांढरा, नवी झूल, बेगड लावलेली शिंगं, सगळं त्या टकल्याच्या आड.

मी पांढऱ्याला आणून डावीकडं उभा केला.

माझा चुलतभाऊ गाडीची दांडी धरून होता. तो म्हणाला, "काऊन बे, हे उलटं होऊन राह्यलं ना!"

"बैल माह्ये हायेत का तुह्ये?"

"तुह्येच हायेत. म्हनून त सांगतो."

"मंग दांडी धर अन् चूप राह्य."

या माणसानं, म्हणजे मी, बाजारात किती जणांना सांगितलं असेल की बाबा रे, डावा-उजवा विचारून घे, नाहीतर घरी जाऊन कपाळावर हात मारशील. पण जाणकाराला वाटतं की नियम बाकीच्यांसाठी असतात.

पंचांनी हात वर केला. मी ओरडलो. तांबडा उजवीकडून आपल्या जागेकडं, डावीकडं यायला बघू लागला. पांढरा डावीकडून उजवीकडं निघाला. दोघं मधे एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून असे टेकले, जसे दोन भाऊबंद लग्नात गळ्यात पडून रडतात. गाडी जागची हलली नाही.

"एक दम झाला!" पंच म्हणाले.

मागून कोणीतरी म्हणालं, "दादा, हे बैल ओढाले आनले का भेटाले?"

मैदान हसलं. मी पाहुण्यांकडं पाहिलं नाही. दुसऱ्या दमाला मी एवढा ओरडलो की लिंबावरचे कावळे उडाले. कावळे तेवढे पुढं गेले. बैल तसेच.

आणि बायांच्या गर्दीतून आवाज आला, खणखणीत, मोटेवरचा.

"दादा! पांढऱ्याले उजवीकडं घे! तुले दिसत नाही का?"

सगळ्या मैदानाच्या माना तिकडं वळल्या. आवाज बहिणीचा आहे हे कळायला मला वळून बघायची गरज नव्हती. त्या काळी लग्नाची पोर चार माणसांत अशी ओरडली तर तिचं स्थळ उभ्या उभ्या माघारी जायचं. तिलाही ते ठाऊक होतं. ओरडल्याबरोबर ती आईच्या मागं झाली.

बैल बदलून घ्यायला अजून वेळ होता. पंचही म्हणाले, "घ्या बदलून." बदलले असते तर तिसऱ्या दमाला गाडी निघालीही असती. पण मग पोरीनं सांगितलं आणि यानं ऐकलं, असं झालं असतं ना! मी म्हणालो, "आमचे बैल असेच चालतात." आणि पुढं जाऊन तांबड्याची वेसण धरून स्वतःच ओढायला लागलो. तिसरा बैल! पाय घसरला, मी बसलो तो थेट शेणात. फेटा सुटून पुढं पडला आणि तांबड्यानं त्यावर पाय दिला. माझ्या हाकण्यावर तो तेवढं एकच पाऊल पुढं आला.

"तीन दम झाले."

लोक हसत होते आणि ते पाहुणे सतरंजीवरून उठून सरळ माझ्याकडं येत होते. मी धोतर झटकत उभा राहिलो. त्यांनी आधी तांबड्याच्या खांद्यावर हात ठेवला, मग पांढऱ्याच्या. मग विचारलं, "ते पोरगी कोन व्हय? जे मंघा आवाज देल्ला ते?"

मला वाटलं, आता सगळं संपलं. दोन स्थळं गेली, हे तिसरं. काहीतरी करून वाचवावं म्हणून मी म्हणालो, "ते? ते शेजारची हाये. लय तोंडाळ."

आई आणि बहीण दहा हातांवर उभ्या होत्या. दोघींनीही ऐकलं.

पाहुण्यांनी मान हलवली. "अस्सं. मंग आमाले त्या शेजाऱ्याच्या घरी घेऊन चाला. तुमची बहीण चांगली हाये, पन सून कराची त मले तशी पाह्यजे. सगळं मैदान पाहून राह्यलं होतं, एकटीले दिसलं."

इतकी वर्षं झाली, तरी त्या वेळचं माझं तोंड कसं झालं असेल ते मला आठवायचं नाही. चुलतभावाला आठवतं. तो बाजारात करून दाखवायचा.

मी म्हणालो, "पाहुणे, ते माह्यीच बहीन हाये."

"काय म्हनता? जोऱ्यानं बोला ना."

म्हातारा बहिरा नव्हता. पण त्यानं मला दोनदा बोलायला लावलं, आणि दुसऱ्यांदा पंचांपर्यंत जाईल एवढ्या आवाजात.

"माह्यी बहीन हाये! अन् बैल म्या उलटे जुंपले!"

"हाव. आता कसं!" म्हातारा म्हणाला. मग त्यानं स्वतः जू सोडून बैल बदलले, दोन्ही कासरे हातात घेतले आणि जिभेनं नुसता टक् असा आवाज केला. गाडी घसटत, करकरत दुसऱ्या रेघेपार गेली. पंच म्हणाले हे धरायचं नाही. कोणी धराही म्हणत नव्हतं.

सुपारी संध्याकाळी आमच्या ओसरीवर फुटली. त्यांनी एकच अट घातली, की मी त्यांच्या घरी कधीही यावं, पण गोठ्यात जाऊ नये. ही अट मी अजून पाळतो. बहिणीचा नवरा पाळायला लावतो.

बहिणीनं मला त्यानंतर आठ दिवस जेवायला वाढलं, पण बोलली नाही. नवव्या दिवशी मीच म्हणालो, "काऊन बोलत नाही वं?"

"म्या शेजारची हावो," ती म्हणाली, आणि माझ्या ताटात आणखी एक भाकर टाकली.

नातवंडांना ही गोष्ट सांगताना मी सांगतो की त्या दिवशी जमीन ओली होती, चाकं रुतली होती. बहीण माहेरी आलेली असली की सांगत नाही.