तादेयने बटण पाडलं नाही

तादेय लिफ्ट दुरुस्त करतो आणि उरलेला वेळ फोनवर संगीत रचतो. एका जागी बसणं त्याला ठाऊकच नाही. चाल जमत आली की हा फोनच उकलून बसतो. आमच्या फोनांच्या पोटातलं सगळं, प्रोग्रामसुद्धा, उघडं असतं. ज्याला येतं त्याने वाचावं, बदलावं, दुसऱ्याला द्यावं. ल्युब्लियाना शहरातल्या एका बंद छापखान्यात फोनवर संगीत वाजवणारी आमची टोळी जमते. तिथे दार उघडणं, वायरी जोडणं आणि सगळ्यांना झापणं ही माझी, दारिंकाची, कामं.

या फोनच्या पाठचं झाकण काढलं की आत इवलीशी बटणं असतात. त्यातलं एक पाडलं की नेटवर्क तुटतं. वाजवण्याआधी ते पाडायचंच, नाहीतर कुणाचा फोन आला की स्पीकरमध्ये आधी टर्रटर्र सुरू होते.

दोन वर्षांपूर्वी तादेयची बायको मेत्का घरात कोसळली, तेव्हा त्याचा फोन असाच बंद होता. त्यांची मुलगी नेझा एकटी त्याला फोन लावत राहिली. मेत्का वाचली. “बॅटरी संपली होती,” असं तो म्हणाला. मायलेकी दूर मारिबोर शहरात निघून गेल्या आणि नेझाने बोलणं टाकलं.

आता अचानक तिचा निरोप आला होता: रविवारी दुपारी फोन करीन, एकदाच.

आणि रविवारी दुपारीच आमचा कार्यक्रम. तादेय सकाळपासून जिना चढउतार करत होता. नाश्त्याचा बुरेक हातात धरून गार केला, खाल्ला नाहीच.

“बटण पाडलंस का रे?” मी विचारलं.

“नाही पाडणार.”

“मग वाजवू नकोस, बाबा. बस कोपऱ्यात फोन कुरवाळत.”

“नुसता बसलो तर वेड लागेल मला, दारिंका!”

तो वाजवायला लागला. ठोका सारखा पुढे पळत होता. मला त्याचा राग येत होता आणि कीवही. तेवढ्यात टर्रटर्र आली. ऐकायला आलेल्या पोरांना वाटलं, संगीतच आहे. ती डोलू लागली. तादेय मात्र पांढराफटक पडला. त्याने संगीत तोडलं आणि फोन उचलला. स्पीकरची वायर काढायचं भान कुठलं? बापाला लहानपणापासून ‘आती’ म्हणणाऱ्या नेझाचा आवाज हॉलभर घुमला.

“आती? कुठे आहेस तू?”

“कार्यक्रमात. नेझा, थांब, सगळे ऐकतायत...”

“ऐकू देत. त्या दिवशी फोन का बंद होता?”

‘बॅटरी’ म्हणालास तर बघ, मी मनात म्हटलं.

“मी बंद केला होता,” तादेय म्हणाला. “एक सूर खरखरत होता, पिल्ला. तेवढ्यासाठी.”

“तेवढ्यासाठी?”

“हो.”

स्पीकरमधून तिचं हुंदके देणं ऐकू येत राहिलं. तिने फोन ठेवला नाही. मी पुढे होऊन वायर उपसली. फोन कानाला लावून तादेय पुढच्या दाराबाहेरच्या पायरीवर जाऊन बसला.

“पुढे काय?” एका पोराने विचारलं.

“पुढे काही नाही,” मी म्हटलं. “घरी जा. आणि जाताना मागच्या दाराने जा.”