योगीराज मास्तरांचे उदासीन वरण

सज्जनहो, पेडगावच्या योगीराज मास्तरांना देवाने विद्या दिली, वाणी दिली, नर्मदाबाईंसारखी सहधर्मचारिणी दिली. फक्त पंगतीत वरण वाढायचे वगराळे दिले नाही. मानवतच्या महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणारा हा प्रेमळ जीव सप्ताहाच्या पंगतीत दरवर्षी पत्रावळ्याच मांडत असे. एकदा तरी वाढण्याचा मान मिळावा, एवढीच त्यांची आस.

यंदा बोअरच्या जड पाण्यात डाळ शिजेना. मास्तरांनी आचारी सटवाजींना खायचा सोडा सुचवला आणि भक्तीच्या भरात ओंजळभर स्वतःच टाकला. डाळ विरघळली, पण हळद पडताच वरण लालभडक झाले.

सटवाजी कढईत वाकून म्हणाले, "मास्तर, वरणाला कुंकू लावलं का तुमी?"

मास्तर डगमगले नाहीत. सोडा आम्लारीधर्मी, त्यात हळद लाल होणारच. चिंचेच्या आम्लाने त्याचे उदासीनीकरण करू, असे म्हणत त्यांनी सोड्याच्या हिशेबाने बरोबर तेवढाच कोळ ओतला. फेस असा उसळला की चूल विझता विझता वाचली. तरीही वरण तांबूसच!

तेव्हा मास्तरांना स्वतःचाच पाठ आठवला. चिंचेचे आम्ल दुबळे, सोड्यामागची आम्लारी बलवान. दोघे एकमेकांत पुरते विरले तरी मागे उरलेला क्षार पाण्याला बलवानाकडेच ओढतो, सामू, म्हणजे पीएच, उदासीन सातच्या वरच राहतो. सज्जनहो, संतांची उदासीनता वेगळी आणि चिंचेची वेगळी! मास्तरांनी आणखी कोळ घातला, आणि वरण झेंडूसारखे पिवळे झाले.

आता सटवाजींनी मिठाला हात घातला, तोच मास्तरांनी त्यांचे मनगट धरले.

"थांबा. आम्ल आणि आम्लारी मिळून मीठच होतं. ते आत तयार झालंय."

वर्गात सोपे जावे म्हणून ते प्रत्येक क्षाराला मीठच म्हणत; त्या शब्दाने गुरूलाच गाठले. पंगत बसली. पहिला घास घेऊन सारा गाव समाधिस्थ झाला. बायकांच्या पंगतीतून नर्मदाबाईंचा शांत स्वर आला, "अवं, तुमचं मीठ फळ्यावरच राहिलं की."

मास्तरांनी मिठाचे ताट उचलले आणि ते पानापानाशी वाकत धावले. मुलांनी हाका मारल्या, म्हाताऱ्यांनी हात पुढे केले. माझ्या पानावर तर त्यांनी आनंदाने दोनदा वाढले.

शेवटचे पान झाल्यावर सटवाजींनी निवाडा दिला, "पुढल्या साली मीठ मास्तरच वाढतील. पानावर पहिला मान मिठाचाच असतो. वरणाजवळ मात्र त्यांना येऊ देऊ नका."

मास्तर हसत होते आणि डोळे पुसत होते. ताट त्यांनी खाली ठेवलेच नाही.