मॅहेलियाबाईंची पुण्यतिथी

आमच्या घरात सासऱ्यांची तिथी कॅलेंडरवर नाही, पण ओटिस रेडिंग नावाच्या अमेरिकन गायकाची आहे. दहा डिसेंबर. लगेच अकराला सॅम कुक. एकदा मी म्हटलं, "अहो, दोघांचं एकाच दिवशी उरकून टाका की!" तर हे म्हणाले, "माणसं दोन, तर दिवसही दोन." एक एप्रिलला मार्विन गे. आणि सत्तावीस जानेवारी म्हणजे चर्चची भजनं गाणारी मॅहेलिया जॅक्सन. तो आमचा वर्षाचा मोठा दिवस. त्यांना हे नुसत्या नावाने कधी संबोधत नाहीत. मॅहेलियाबाई म्हणतात. मला मात्र 'अगं ए'.

आमचे हे म्हणजे नंदकिशोर, मुक्काम सेंदाई, जपान, अडुसष्ट सालापासून. विद्यापीठात धातूंचं संशोधन करतात. लोखंडाला तडा कसा जातो ते ह्यांना बरोबर कळतं, बायकोला कसा जातो ते कळत नाही. तसा माणूस अगदी सरळ. कचरा वेगळा करायचं पुस्तक चष्मा लावून वाचतात आणि बाटलीचं झाकण वेगळ्या पिशवीत टाकलं नाही तर मला परत पाठवतात. लग्नाच्या सव्वीस वर्षांत ह्यांनी जपानचा एक नियम मोडलेला मी पाहिला नाही.

पण पुण्यतिथी करतात ती पक्की आपल्या पद्धतीने. रेकॉर्डचं कव्हर फ्रेम करून घेतलेला फोटो, त्याला हार, समई, प्रास्ताविक, भाषण, आभारप्रदर्शन आणि शेवटी चिवडा. गल्लीतल्या सार्वजनिक हॉलमध्ये मोहल्ल्यातले म्हातारे येऊन बसतात आणि तासभर मान हलवतात. भाषणासाठी येतात असं ह्यांना वाटतं. चिवड्यासाठी येतात हे मला माहीत आहे, कारण डबे घेऊन येतात.

गाणारणीची पुण्यतिथी, आणि त्यात गाणं कोण म्हणतं? कोणीही नाही! रेकॉर्ड लागते, ती मध्येच थांबवून हे समजावून सांगतात.

आता माझं ऐका. लग्नाआधी पुण्यात मी सहा वर्षं गाणं शिकले. बघायला आले तेव्हा ह्यांनीच गायला सांगितलं, आणि दुसऱ्या कडव्याला "छान आहे" म्हणून चहाचा कप उचलला. त्यानंतर सव्वीस वर्षांत ह्या माणसाने माझं एक गाणं पुरं ऐकलेलं नाही. मध्येच ह्यांना काहीतरी आठवतं. गॅस बंद केलास का? आपल्या लेकीचा फोन येणार होता ना? मला दुसरं काही नको होतं हो. साडी नको, अंगठी नको. एकदा, फक्त एकदा, ह्यांनी गप्प बसून सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकावं.

मधल्या काळात जपानात बायकांना गॉस्पेल, म्हणजे मॅहेलियाबाईंची ती चर्चची भजनं, गायचं वेडच लागलं. आमच्या भागातही चिबा-सान नावाच्या पियानो शिकवणाऱ्या बाईंनी गट काढला. अकरा गृहिणी आणि बारावी मी. घरी सांगितलं तर हे म्हणाले, "तुम्ही कागदात बघून गाणार. मॅहेलियाबाई कागदात बघून गात नव्हत्या." मी तीन महिन्यांत सगळं पाठ केलं. तेव्हा म्हणाले, "पाठ केलेलं पाठ केल्यासारखंच वाटतं." घ्या! ह्यांच्याशी बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

सत्त्याण्णव साली मॅहेलियाबाईंना पंचवीस वर्षं झाली. सत्तावीसला सोमवार, हॉल बंद, म्हणून आदल्या रविवारी कार्यक्रम ठरला. मी सरळ सांगितलं, "यंदा आमचा गट गाणार. नाहीतर चिवडा तुमचा तुम्ही करा."  तिसऱ्या दिवशी ह्यांनी कार्यक्रमपत्रिका हातात दिली. शेवटून दुसरं कलम, गायन, चार पंचेचाळीस ते चार पंचावन्न. हॉल पाचपर्यंत होता.

इथेच घोळ झाला. आपल्याकडे हॉल पाचपर्यंत म्हणजे सव्वापाचला रखवालदार दिव्यांची उघडझाप करायला लागतो, आणि साडेपाचला लोक दारात उभे राहून बोलत असतात. इथे पाचपर्यंत म्हणजे पाचला खुर्च्या रचलेल्या, फरशी पुसलेली, सपाता रांगेत आणि किल्ली व्यवस्थापकांच्या हातात. हे ह्यांना माहीत नाही असं नाही. प्रयोगशाळेत मिनिटाचा हिशेब ठेवतात. पण सभा म्हटली की अंगात पुणं संचारतं, त्याला काय करायचं? आणि मीही तशीच. पत्रिका वाचून मलाही काही खटकलं नाही.

त्या रविवारी बर्फ पडत होतं. शेवंतीचा हार मीच गुंफला. हॉलमध्ये ज्योत पेटवायला बंदी, म्हणून समईत बॅटरीचे दिवे. चाळीसेक माणसं आली. रेकॉर्ड लावायला टोकियोहून आमची लेक अनया आली होती. मी मराठीत विचारलं, "बाबा किती वेळ बोलणार गं?" तिने जपानीत उत्तर दिलं, की देवालाच माहीत.

साडेतीनला हे उभे राहिले. चार वाजले, सव्वाचार वाजले. मी मागून हात हलवते आहे, डोळे वटारते आहे, पण हे बघतील तर शपथ. आणि मग ह्यांनी हातातले कागद घडी करून खिशात ठेवले. असं कधी करत नाहीत.

म्हणाले, मी इथे आलो त्याच हिवाळ्यात माझी आई गेली. पत्र पोचलं तेव्हा तिचं तेरावं होऊन गेलं होतं. जायला पैसे नव्हते. जेमतेम साडेचार चटया मावतील एवढ्या खोलीत मी तीन आठवडे नुसता बसून होतो, रडूही आलं नाही. एका रविवारी सकाळी अमेरिकन लष्कराच्या रेडिओवर खरखरीतून एका बाईचा आवाज आला. शब्द कळले नाहीत. पण मी रडलो. ती बाई कोण, ते पुढे सहा महिन्यांनी कळलं. आईची पुण्यतिथी मला करवत नाही, म्हणून मॅहेलियाबाईंची करतो.

सव्वीस वर्षं! आई गेल्याचं मला माहीत होतं, बाकीचं नाही. इतकी वर्षं मी ह्याला थेरं म्हणत आले, आणि ह्यांनी म्हणू दिलं. मला नाही सांगितलं, चिवडा खायला आलेल्या चाळीस माणसांना सांगितलं! इतका राग आला! आता अशा रागात गाऊ कशी?

गायचा प्रश्नच उरला नव्हता म्हणा. चार चाळीस झाले तसे म्हातारे एकेक करून उठले आणि अजिबात आवाज न करता खुर्च्या मिटायला लागले. त्यात अपमान काही नव्हता, वेळच झाली होती. ह्यांचं बोलणं आवरलं तेव्हा पाचला दोन मिनिटं कमी. व्यवस्थापक ओइकावा-सान दाराशी येऊन उभे राहिले होते. चिबा-सान माझ्या कानात हळूच म्हणाल्या, "पुढच्या वर्षी गाऊ."

"पुढचं वर्ष कोणी बघितलंय!" मी मराठीतच ओरडले आणि सुरू केलं.

एकटीने. सूर जरा खालीच लागला, आवाज फाटला, पण थांबले नाही. दुसऱ्या ओळीला चिबा-सान आल्या, मग बाकीच्या. खुर्च्या उचललेले लोक खुर्च्या हातात धरूनच उभे राहिले. पहिलं कडवं संपलं आणि पाच वाजले. ओइकावा-सान घड्याळावर बोट ठेवून पुढे यायला लागले, आणि हे आडवे गेले.

झालं, मला वाटलं. आता मला थांबवणार. नियम म्हणजे नियम.

हे त्यांच्यासमोर उभे राहिले आणि कमरेतून खाली वाकले. पार काटकोनात. इथे समोरचा वाकला की आपणही वाकायचं, आणि तो उठेपर्यंत आपण उठायचं नाही. ओइकावा-सानही वाकले. आणि हे उठेचनात! दुसरं कडवं झालं, तिसरं झालं, कमरदुखीचा पट्टा बांधणारा माझा नवरा तसाच ओणवा, आणि समोर बिचारे ओइकावा-सान. माझा सूर कधी जागेवर आला, कळलंच नाही. मी ह्यांच्या टकलाकडे बघत गात राहिले.

गाणं संपलं. टाळ्या कशा वाजवणार, सगळ्यांच्या हातात खुर्च्या. ओइकावा-सान हळूच सरळ झाले आणि त्यांनी किल्ली खिशात टाकली. हे अजून तसेच.

मी जवळ गेले. "अहो, उठा आता. संपलं गाणं."

"कळलं मला," हे खालूनच म्हणाले. आवाज ओला होता. "जरा थांब."