बल्बवर दाखवलेला यूपीएस

सयाजीगंजमधल्या ज्या दुकानात मी विक्रेता होतो, तिथे त्या बाई दर महिन्याला प्रिंटरची शाई न्यायला यायच्या. तरसालीला घरीच त्या विद्यार्थ्यांचे प्रबंध टाइप करत. आमच्या पावतीतली शुद्धलेखनाची चूकसुद्धा त्या पेनने सुधारून द्यायच्या.

एकदा त्या रिक्षातून आपला कॉम्प्युटर आणि आमच्याकडूनच घेतलेला यूपीएस घेऊन आल्या. वीज गेल्यावर यूपीएस काही मिनिटांतच बंद पडला होता आणि एका मुलीचं अख्खं प्रकरण उडालं होतं.

शेठनी यूपीएसला बल्ब लावला. "जुओ बेन, वीस मिनिट चालशे."

"बल्बवर मी टाइप करत नाही," बाई कडाडल्या. त्यांनी स्वतःचा कॉम्प्युटर जोडला, भिंतीतला प्लग उपटला आणि घड्याळाकडे बघत उभ्या राहिल्या. चौथ्या मिनिटाला पडदा काळा झाला. दुकानातली गिऱ्हाइकं बघत होती.

बाई माझ्याकडे वळल्या.

"कॉम्प्युटरवर हा टिकत नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

शेठ माझ्याकडे डोळे वटारून बघत होते. तरी मी "हो" म्हणालो.

"मग विकताना तुम्हीसुद्धा मला बल्बच का दाखवलात?"